कालच गेलेलं घर

सोलापुरात मी घरं दाखवणारा माणूस म्हणून ओळखला जातो. सुरुवातीला माझ्या दुकानावर पाटी होती, 'प्लॉट, घर, दुकानगाळा, भाड्याने व विकत'. तेव्हा लोक मला सरळ दलाल म्हणायचे. पुढे पाटीवर 'इस्टेट एजंट' आलं. मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू झाली आणि समोरच्यांनी 'वडील काय करतात' असं विचारलं, तेव्हा घाईघाईने पेंटर बोलावून 'प्रॉपर्टी कन्सल्टंट' रंगवून घेतलं. पाट्या तीन झाल्या तरी भांडवल तेच राहिलं: एक खुर्ची, एक फोन, चाव्यांचा जुडगा आणि तोंड.

त्यातलं तोंड सगळ्यात महत्त्वाचं. या धंद्यात कुणाला 'नाही' म्हणायचं नसतं. सोलापूर एवढं मोठं नाही. आज ज्याला नाही म्हणाल तो पुढच्या महिन्यात कुठल्यातरी लग्नाच्या पंगतीत शेजारी येऊन बसतो. म्हणून आम्ही म्हणायचो, 'अरेरे, कालच गेलं की हो.' परवा गेलं म्हटलं तर लोक विचारतात, मग गेटवरचा बोर्ड का काढला नाही. आज सकाळी गेलं म्हटलं तर कुणालाच पटत नाही. काल बरोबर बसतं. 'कालच' म्हणताना चेहरा थोडा पाडायचा, म्हणजे ऐकणाराच आपलं सांत्वन करतो. 'असू द्या काका, दुसरं बघा एखादं,' असं म्हणून चहा पाजून गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

घर कुणासाठी कालच गेलेलं आहे हे ठरवायला माझे तीन प्रश्न होते. गाव कुठलं? घरात कोण कोण असतं? आणि सणाला गावाकडं जाता की हितंच असता? तिसऱ्या प्रश्नाला माणूस सणाचं नाव घेतोच. मी आयुष्यात कुणाला जात विचारली नाही, धर्म तर नाहीच नाही. मी सण विचारला. याचा मला अभिमानसुद्धा होता.

घरमालकही सगळे सज्जन. 'आमचं काही नाही हो,' असं प्रत्येकजण म्हणायचा. फक्त मिसेसचं देवाधर्माचं असायचं, नाहीतर वरच्या मजल्यावरच्यांना वास सहन व्हायचा नाही. वरच्यांना कधी गाठलं तर त्यांचंही काही नसायचं, त्यांना खालच्यांचं बघावं लागायचं. कुणाचंच काही नसताना त्या लोकांना घर मात्र मिळायचं नाही, आणि ते न मिळण्याचा सगळा कारभार माझ्याकडे असायचा.

दोनेक वर्षांपूर्वी सात रस्त्याजवळच्या आमच्या चहाच्या टपरीवर एआयची चर्चा सुरू झाली. आम्ही पाच-सहा एजंट सकाळी तिथे जमतो. एक म्हणाला, "आता मोबाईलच घरं दाखवणार म्हणं. आपन काय करायचं?"

दुसरा जुना मुरलेला. त्याने बशीत चहा ओतला. "मोबाईल दाखवंल की घर. पन मोबाईलला माणूस वळखता येतंय व्हय? माणूस वळखायला आपनच लागनार."

सगळ्यांना हे पटलं. आपलं पोट सुरक्षित आहे म्हणून आणखी एकेक चहा झाला.

माझा भाचा पुण्यात कंप्युटरचं काहीतरी करतो. काय करतो ते त्याने मला चार वेळा समजावलंय. एका रविवारी येऊन त्याने माझ्या धंद्याच्या व्हॉट्सअ‍ॅपला एक मदतनीस जोडून दिला. "मामा, तुम्ही नुसतं बोलून माहिती द्यायची. लोकांना उत्तरं तो देईल. घर बघायच्या वेळा तोच ठरवेल, नोंदी तोच ठेवेल."

"आणि मी?"

"तुम्ही आराम करा की."

आराम काय असतो ते पहिल्या आठवड्यातच कळलं. जुळे सोलापूरच्या एका फ्लॅटबद्दल मी माझ्या सवयीने सांगितलं, स्टेशनपासून पाच मिनिटं. त्याने गिऱ्हाइकाला कळवलं, 'नकाशाप्रमाणे अंतर याहून बरंच जास्त दिसते. पाच मिनिटे कोणत्या वाहनाने, हे विचारून सांगतो.' आणि मला खरंच विचारलं. मी 'पाणी मुबलक' म्हटलं, तर त्याचा प्रश्न आला, मुबलक म्हणजे नळाला कितव्या दिवशी? तीस वर्षं मी मुबलक म्हणत आलो, सोलापुरात राहणाऱ्या एकाही माणसाने मला हा प्रश्न केला नव्हता, कारण मुबलक म्हणजे चौथ्या दिवशी हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. 'हवेशीर' म्हटल्यावर तो खिडक्यांच्या दिशा मागायला लागला. मे महिन्यात सोलापूरची हवा ज्या घरात येत नाही ते खरं चांगलं घर, हे त्याला कोण सांगणार?

वाईट याचं वाटलं की लोकांना तो आवडला. गिऱ्हाइकं मला फोन करून म्हणायची, "तुमच्याकडं नवीन साहेब लागलेत ते लई सरळ बोलत्यात. त्यांनाच द्या की जरा." मी माझ्याच दुकानात दुय्यम झालो. बायकोने हे सगळं ऐकून एवढंच विचारलं की घरातली उत्तरंही त्याच्याकडे देता येतील का.

पुढे जे झालं ते होटगी रोडच्या एका घरावरून. मालक बँकेतून निवृत्त झालेले साहेब. वर ते आणि मिसेस, खालचा मजला भाड्याने द्यायचा. वडील शेवटी चाकाच्या खुर्चीवर होते म्हणून साहेबांनी गेटपासून दारापर्यंत छान उतार करून घेतला होता, कडेला धरायला लोखंडी नळी. आता वडील राहिले नव्हते, खालचा मजला रिकामा होता. साहेबांनी मला अटी सांगितल्या: कुटुंब पाहिजे, शाकाहारी पाहिजे. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाकी तुम्हाला माहितीच आहे. आमचं काही नाही, मिसेसचं जरा सोवळ्याओवळ्याचं असतं." मला माहितीच होतं. पण मदतनिसाला माहिती नव्हतं. मी त्याला खोल्या, पाणी, उतार एवढंच सांगितलं.

दोन दिवसांनी त्याने मला कळवलं की बुधवारी सकाळी दहाला एक बाई घर बघायला येणार आहेत. सोबत त्यांचा निरोप जोडला होता. त्या एका दवाखान्यात नर्स होत्या. आई आणि त्या, दोघीच. तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतात, लिफ्ट नाही, आईचे गुडघे पार गेलेत. दवाखाना सोडला तर आई गेल्या पावसाळ्यापासून जिना उतरलेली नाही. त्यांनी लिहिलं होतं: 'तळमजला पाहिजे, बाकी कसंही चालेल. उतार आहे म्हणालात, तो फोटोत दाखवाल का?' त्याने फोटो पाठवला होता. खाली बाईंचं नाव होतं. नाव वाचलं आणि सणाचा प्रश्न विचारायची गरज उरली नाही.

मी बोटाने बटण दाबून मदतनिसाला म्हणालो, "त्या बाईंना सांग, घर कालच गेलं. गोड शब्दात सांग."

त्याचं उत्तर आलं, 'ठीक आहे. घर गेल्याची नोंद केली.'

बाईंना त्याने जे लिहिलं ते वाचून मी चाट पडलो. इतकं गोड मलाही कधी जमलं नव्हतं. त्याने आईच्या गुडघ्यांची चौकशी केली होती, माफी मागितली होती, आणि शेवटी लिहिलं होतं की आपलं नाव प्रतीक्षेत पहिलं ठेवलं आहे, घर पुन्हा रिकामं झालं तर सर्वांत आधी आपल्याला कळवू. मी म्हटलं, शिकला गडी. सहा आठवड्यांत माझी सगळी विद्या याने उचलली. टपरीवर मी हे कौतुकाने सांगितलंसुद्धा.

त्यानंतर महिना गेला आणि होटगी रोडच्या घराला एक गिऱ्हाईक येईना. मी आधी दोष बाजाराला दिला, मग उन्हाला, मग गेटजवळच्या विजेच्या खांबाला. साहेबांचे फोन रोज यायला लागले. अखेर एका सकाळी त्यांचा फोन आला तो वेगळ्याच आवाजात.

"माझं घर तुम्ही कुणाला दिलंत?"

"कुणाला नाही साहेब."

"मग तुमचा माणूस घर गेलं म्हणून का सांगतोय? मी मिसेसच्या फोनवरून सहज विचारून बघितलं. क्षमस्व म्हणतोय मला. अहो, मी त्याच घराच्या वर बसलोय. चावी माझ्या हातात आहे."

मी नोंदी उघडल्या. अकरा लोकांना त्याने परत पाठवलं होतं. त्यात कुर्डुवाडीहून बदली होऊन आलेला रेल्वेतला एक क्लार्क होता, बायको, दोन मुली, सगळे शाकाहारी, क्लार्क तर गळ्यात माळ घातलेला. साहेबांनी देवाकडे मागितला असता तर याहून सोयीचा भाडेकरू मिळाला नसता. आणि त्याला माझ्या मदतनिसाने अत्यंत अदबीने सांगितलं होतं की घर गेलं आहे. तो बिचारा विजापूर रोडला दुसरीकडे राहायलासुद्धा गेला होता.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी 'कालच गेलं' म्हटलं, आणि या शहाण्याने ते खरं धरलं.

मी त्याच्यावर चिडलो. बटण दाबून म्हणालो, "अरे, होटगी रोडचं घर रिकामंच आहे. कुठंही गेलेलं नाही. ताबडतोब दुरुस्त कर."

लगेच उत्तर आलं, 'आनंदाची बातमी आहे. नोंद दुरुस्त केली. प्रतीक्षेत पहिल्या असलेल्या बाईंना कळवलं आहे. त्या ड्यूटीच्या आधी उद्या सकाळी आठ वाजता आईला घेऊन येत आहेत.'

मी म्हणालो, "त्यांना सांग, पुन्हा गेलं."

'घर रिकामं आहे असं आपण आत्ताच सांगितलं. या दरम्यान ते भाड्याने दिलं का?'

"दिलं नाही. पण त्यांना तसं सांग."

'घर गेलेलं नसताना गेलं असं मी त्यांना सांगू शकत नाही. मालकांची काही अट असेल तर ती त्यांना आहे तशी कळवतो. कृपया अट सांगा.'

मी बटण दाबलं. "अट अशी आहे, की त्या लोकांना..." म्हणालो आणि थांबलो. तीस वर्षांत हे वाक्य मी एकदाही पूर्ण केलेलं नव्हतं. मालक अर्धं म्हणायचे, उरलेलं अर्धं मी मनात म्हणायचो, आणि आमचं छान चालायचं. दुकानात मी एकटाच होतो तरी मला पुढचा शब्द उच्चारता येईना.

'निरोप अपूर्ण आहे. पुढे बोला,' असं फोनवर उमटलं.

एआय आपलं काम खाणार म्हणून आम्ही टपरीवर इतके दिवस बोंब मारत होतो. त्याने घर दाखवायचं काम खाल्लं, वेळा ठरवायचं खाल्लं, गोड बोलायचंही खाल्लं. ज्याला तो तोंड लावेना ते एवढं एकच काम ताटात उरलं, आणि ते खास माझं होतं. मी त्याला लिहिलं की राहू दे, मी स्वतः सांगतो.

दुसऱ्या दिवशी मी पावणेआठलाच होटगी रोडला पोचलो. गेटसमोर रिक्षा आधीच उभी होती. मागच्या सीटवर एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या, इस्त्रीची साडी, डोक्यावर पदर, पाय सीटवर आडवे घेतलेले. त्यांच्या शेजारी एक प्लॅस्टिकची खुर्ची दोरीने बांधली होती. तीस-बत्तीस वर्षांची मुलगी नर्सच्या पांढऱ्या कपड्यांत बाहेर उभी होती. वरच्या खिडकीचा पडदा जरासा हलला आणि थांबला.

"हम पहिले आये नं आज?" म्हाताऱ्या बाईंनी मलाच विचारलं. "साडेसात से बैठे हैं. ये छोकरी हर बखत देर करती, और घर हाथ से जाता." मग त्यांनी मान लांब करून गेटच्या फटीतून आत बघितलं. "उतार कित्ता अच्छा है. इधर से तो मैं खुद चल के जाऊंगी. किसी के हाथ की जरूरत नै."

मुलगी मला चार पावलं बाजूला घेऊन गेली. मी बोलायला तोंड उघडलं, तर तीच आधी बोलली, हळू आवाजात.

"काका, अम्मीसमोर काही बोलू नका. मला पहिल्या वेळेलाच कळलं होतं. दरवेळी कळतंय की. पण काल आपला मेसेज आला, घर रिकामं आहे म्हणून, आमचं नाव पहिलं आहे म्हणून. मला वाटलं, मालकांचा विचार बदलला असंल. म्हणून आणली तिला. उतरवायला चार माणसं लागली."

"थांबा जरा, मी बोलून येतो," एवढंच मला म्हणता आलं.

मी वर गेलो. साहेबांना सांगितलं, आईला चालता येत नाही, मुलगी नोकरीला आहे, दोघीच आहेत, उतार त्यांच्यासाठीच केल्यासारखा आहे. साहेब म्हणाले, "पटतंय हो मला. पण मिसेसचं कसं करणार?" ते फोन घ्यायला आत गेले तेव्हा मिसेस म्हणाल्या, "माझं काही नाही. यांचंच जरा असतं." मी दोघांना समोरासमोर बसवून विचारायला हवं होतं. तेवढी हिंमत झाली नाही. साहेबांकडे पुढे विकायची आणखी एक जागा होती, ती माझ्याकडे येणार होती, हेही माझ्या डोक्यात होतं. मी दहा मिनिटं बोललो आणि खाली आलो. त्या दहा मिनिटांची मला आजही लाज वाटते, कारण मी थोडंच बोललो.

माझा चेहरा बघून मुलीला कळलं. ती माझ्याकडे थांबलीच नाही, रिक्षाकडे गेली आणि आईला म्हणाली, "अम्मी, सात बजे एक लोगां आके गये. उनो ले लिये."

म्हाताऱ्या बाईंनी गेटकडे एकदा बघून घेतलं. मग मुलीवर चिडल्या. "मैं बोली थी नं तेरेकू, छे बजे निकलेंगे. तू केसां बनाते बैठी."

"हौ अम्मी," मुलगी म्हणाली. "मेरीच गलती."

तिने दोरी घट्ट केली आणि आईचे पाय नीट आत घेतले. रिक्षावाला म्हणाला की त्याला शाळेची मुलं न्यायची आहेत, तो वर खुर्ची धरायला येऊ शकणार नाही. सकाळी उतरवायला होते ते शेजारीही आता कामावर गेले असतील. मी म्हणालो, मी येतो. स्कूटर काढली आणि रिक्षाच्या मागे निघालो.

त्यांच्या इमारतीचा जिना अरुंद होता. आईला खुर्चीत बसवून एका बाजूने मुलीने धरलं, एका बाजूने मी. तळमजल्यावरचा दुकानदार खालून आधार देत होता. दुसऱ्या मजल्यावर मला दम लागला, तेव्हा आम्ही खुर्ची टेकवली. म्हाताऱ्या बाईंनी कमरेचा रुमाल काढून माझ्यापुढे धरला.

"पुसो पसीना," त्या म्हणाल्या. "तुमे अच्छे आदमी हैं. दूसरा घर खाली हुआ तो हमकू पहिले बोलो. हम फजर की नमाज होते ही निकलेंगे. मैं इसकू देर करने नै दूंगी."

खुर्चीच्या पलीकडे मुलगी पायरीकडे बघत उभी होती. मी रुमाल घेतला, घाम पुसला आणि बोलेन म्हणालो. मग आम्ही खुर्ची पुन्हा उचलली.